रुंद रस्ता आणि ओलं लाकूड



आज आम्हाला व्यासपीठावर यायला दहा मिनिटं उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण विषयच तो असल्यामुळे सांगून टाकतो. रिक्षाने आम्हाला या सभागृहासमोर अगदी वेळेवर सोडलं होतं. फक्त ते पलीकडच्या फुटपाथवर. इथून खिडकीतून दिसतो तो फुटपाथ. तिथून इथपर्यंत यायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने हात धरून आणलं. तिने विचारलं, "आजोबा, कुठं जायचंय?" आम्ही म्हटलं, "व्याख्यान द्यायला." "कशावर?" "वाहतुकीवर." ती जी हसली, ते आमच्या आजच्या व्याख्यानाचं खरं प्रास्ताविक समजा.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने वाहतुकीवर कशाला बोलावं, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. आमच्या मुलानेही तो विचारला. आम्ही अभियंते नाही. पुलाचा खांब किती जाड असावा हे आम्हाला कळत नाही आणि त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढणार नाही. पण प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात एक वाक्य असतं: 'या प्रकल्पामुळे वाहतूक कोंडी कमी होईल.' हे वाक्य अभियांत्रिकीचं नाही. ते अनुमान आहे. अनुमान बरोबर की चूक हे तपासायचं काम आम्ही चौतीस वर्षं पगार घेऊन केलं. तेव्हा आज तेवढंच करणार आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण 'कोंडी' म्हणतो. कोंडी म्हणजे काय? कुणीतरी कुणाला तरी कोंडलेलं असतं. शत्रूने किल्ल्याला वेढा घालावा तसं. आणि कोंडी झाली की ती फोडायची असते. वर्तमानपत्र उघडा: 'अमुक चौकाची कोंडी फुटणार', 'कोंडी फोडण्यासाठी इतक्या कोटींचा पूल'. शब्दानेच उपाय ठरवून टाकला बघा. भिंत आहे म्हटल्यावर धडक मारणं आलं. पण इथे भिंत आहे कुठे? कोंडणारा कोण आणि कोंडलेला कोण?

गिल्बर्ट राइल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्ववेत्ते होते. १९४९ सालच्या त्यांच्या ग्रंथात एक गमतीचा दाखला आहे. एक पाहुणा ऑक्सफर्डला येतो. त्याला कॉलेजं दाखवतात, ग्रंथालयं दाखवतात, मैदानं दाखवतात. सगळं बघून तो विचारतो, "हे सगळं ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे?" त्याची समजूत अशी, की कॉलेजांच्या शेजारी विद्यापीठ नावाची आणखी एक इमारत असणार. राइल याला कोटीची चूक म्हणतात. आता आपल्या विद्यापीठ चौकात सकाळी साडेनऊला मोटारीत बसलेला माणूस आठवा. घरी फोन करून तो म्हणतो, "मी ट्रॅफिकमध्ये अडकलोय." पुढची मोटार ट्रॅफिक, मागची मोटार ट्रॅफिक, आणि हा मात्र त्यात अडकलेला बिचारा. मागच्या मोटारीतला माणूस त्याच वेळी घरी फोन करून तेच सांगत असतो. विद्यापीठ चौकात उभं राहून विद्यापीठ कुठे म्हणून विचारण्यासारखंच हे.

आता मूळ अनुमानाकडे येऊ. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवायचो. छोटं पुस्तक आहे. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे' हे अनुमान सगळ्यांना माहीत असतं. ते बरोबर आहे. पण नैयायिक ते उलटं करून विचारतात: 'पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे' हे चालेल का? नाही चालणार. लोखंडाचा गोळा लाल होईपर्यंत तापवा. अग्नी आहे, धूर नाही. मग स्वयंपाकघरात, चुलीशी, अग्नीबरोबर धूर दिसतो तो का? कारण लाकूड ओलं असतं. धुराला ओलं लाकूड लागतं. या लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. उपाधी म्हणजे इथे पदवी नव्हे. घरगुती बोलण्यात आपण कटकटीलाही उपाधी म्हणतो. तो अर्थ मात्र आजच्या विषयाला अगदीच गैरलागू नाही.

उपाधी ओळखायची खूण अशी. जे सिद्ध करायचं ते जिथे जिथे आहे, तिथे तिथे ही अट असते. पण कारण म्हणून जे पुढे केलं, ते जिथे जिथे आहे, तिथे तिथे ती असतेच असं नाही.

आता प्रकल्प अहवाल घ्या. 'हा रस्ता मोकळा होईल, कारण तो रुंद होणार आहे. जो जो रुंद, तो तो मोकळा. जसा अमुक रस्ता.' हा 'अमुक रस्ता' कोणता असतो ते नीट बघा. तो नेहमी नवा असताना घेतलेला असतो. उद्घाटनानंतरचे पहिले सहा महिने. आता तापलेला गोळा दाखवायचा तर लांब जायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. सहा पदरी. जोडून आलेल्या सुट्ट्यांना बोरघाटात काय होतं हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मोटारीत बसून अनुभवलंय. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातला केटी फ्रीवे काही ठिकाणी २६ पदरांपर्यंत रुंद केला गेला, बाजूचे रस्ते धरून. तिथेही गर्दीच्या वेळी गाड्या रांगेत उभ्या असतात. अग्नी आहे, धूर नाही.

मग ओलं लाकूड कोणतं? 'गाड्यांची संख्या रस्त्याच्या बेताची असणं.' जिथे वाहतूक मोकळी, तिथे ही अट असते. जिथे रस्ता रुंद, तिथे ती असतेच असं नाही. अहवालात ती गृहीत धरलेली असते, लिहिलेली नसते.

आणि ही अट टिकत का नाही, हेही कळण्यासारखं आहे. अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली मांडलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. पूल झाला, चौक मोकळा झाला. आता गर्दी टाळायला जो सकाळी साडेसातला निघायचा, तो म्हणतो, "नऊला निघू की." जो पाषाणच्या बाजूने वळसा घेऊन जायचा, तो सरळ यायला लागतो. जो वैतागून बसने जायचा, तो पुन्हा गाडी काढतो. आणि चौथा आमच्या पदरचा: एक जण म्हणतो, "आता रस्ता चांगला झालाय, बाणेरच्या पुढे फ्लॅट घेऊन टाकू." पहिल्या तिघांना काही आठवडे पुरतात. चौथ्याला पाच-सात वर्षं लागतात, पण तो एकदा गेला की तीस वर्षांचा हप्ता लावून जातो. कोणीही मूर्खपणा केला नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा विचार केला. दुरांतोन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासली. तिथल्या आंतरराज्य महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरचा एकूण प्रवास वाढला, असं त्यांना दिसलं.

इथे कोणी म्हणेल, अमेरिकेचं काय सांगता? बरोबर आक्षेप आहे, आणि तो आम्ही स्वतःवरच घेतो. पुण्यात पगार वाढले, हिंजवडी वाढली, कर्ज सहज मिळू लागलं. पूल झाला नसता तरी गाड्या वाढल्याच असत्या. २०१८ साली शहरातल्या नोंदणीकृत गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली, तेव्हा ती काय एका पुलाची करणी होती? म्हणून 'पुलामुळे गाड्या वाढल्या' हे वाक्यही जपून बोलायला हवं. न्यायशास्त्रात कुंभाराच्या गाढवाचा दाखला आहे. गाढवाने माती आणली, पण म्हणून गाढव घटाचं कारण ठरत नाही. पूल हे पुष्कळदा गाढव असतं. आमचं म्हणणं एवढंच, की मग गाड्या कमी होण्याचं श्रेयही त्या गाढवाला आगाऊ देऊ नका.

आता एक कबुली. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत असताना, गणेशखिंड रस्त्याने रोज स्कूटरवरून जायचो. विद्यापीठ चौकात तेव्हाही अडकायला व्हायचं. आमच्या भागातल्या काही मंडळींनी उड्डाणपूल व्हावा म्हणून एक निवेदन तयार करायचं ठरवलं. आमचं मराठी बरं म्हणून मसुदा आमच्याकडे आला. आम्ही तो मोठ्या हौसेने लिहिला. 'कोंडी फोडणे' हा शब्दप्रयोग त्यात दोनदा होता. सोमवारी वर्गात तर्कसंग्रहातली उपाधी शिकवली आणि मंगळवारी त्या निवेदनावर पहिली सही केली. त्या निवेदनामुळे काही झालं असं आम्ही म्हणत नाही, पुन्हा गाढवच. पण पूल झाले. थोडी वर्षं बरं वाटलं. मग चौक पुन्हा भरला. आणि २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ते पूल पाडले. मेट्रोच्या खांबांना ते आडवे येत होते. जेमतेम पंधरा वर्षांचे पूल. त्यांच्या जागी आता दुमजली पूल आलाय, खाली गाड्या, वर मेट्रो. पूल पाडतानाची चित्रं आम्ही घरी बसून दूरदर्शनवर पाहिली. आमची पत्नी म्हणाली, "तुमचं निवेदन पडलं हो." तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, आणि आजचं व्याख्यान त्यातून निघालं आहे.

पाडल्याचं दुःख आम्हाला फार नाही. शहरं चुकतात, दुरुस्त करतात. दक्षिण कोरियात सोल शहराने ओढ्यावर बांधलेला उन्नत महामार्ग २००३ ते २००५ या काळात पाडून खालचा चोंग्येचोन ओढा पुन्हा उघडा केला. तिथे रस्ता गेला, पाणी आलं. आपल्याकडे पूल गेला, आणखी मोठा पूल आला. फरक कोणाचं डोकं जास्त चालतं याचा नाही. तिथे 'हा रस्ता हवा का' असा प्रश्न विचारला गेला. इथे 'पूल कितीचा हवा' एवढाच.

नाव आणि वस्तू यांच्यातलं अंतर बघायचं असेल तर आपल्याकडे एक अप्रतिम नमुना आहे: एचसीएमटीआर. हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट. १९८७ च्या विकास आराखड्यातला सुमारे ३६ किलोमीटरचा शहरांतर्गत वर्तुळाकार मार्ग. नावाप्रमाणे तो सामुदायिक वाहतुकीचा. पुढे त्याचा जो उन्नत सहा पदरी आराखडा झाला, त्यात बससाठी दोन पदर आणि बाकीचे चार खासगी गाड्यांना. नाव तेच राहिलं. आमच्या शास्त्रात शब्दाचा मुख्यार्थ बाधित झाला की लक्षणा घ्यायची पद्धत आहे. 'गंगेवर गवळीवाडा' म्हणजे गंगेच्या काठावर. पण 'सामुदायिक वाहतूक मार्ग' म्हणजे मोटारींचा पूल, ही लक्षणा मम्मटालाही सुचली नसती. पैशांचं गणित जमेना म्हणून तो प्रकल्प बाजूला पडला. म्हणजे तर्काने नव्हे, निविदेने वाचवलं. वेताळ टेकडीतून जाणारा बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि तिथले बोगदे यांचं भांडण तर अजून ताजं आहे. २०२३ साली टेकडी वाचवायला माणसं रस्त्यावर उतरली. त्या वादात दोन्ही बाजूंनी झाडांवर खूप बोलणं झालं. पण 'या रस्त्यामुळे कोंडी कमी होईल' या वाक्याची उपाधी काय, हे फार थोड्यांनी विचारलं.

"मग रस्ते बांधूच नका म्हणता का?" असं नाही. नदीवर पूल नाही म्हणून पलीकडच्या वस्तीला दवाखान्यात यायला तास लागत असेल, तर पूल बांधलाच पाहिजे. पण मग कारणही तेच द्या: वस्ती जोडायची आहे. ते सच्चं कारण आहे आणि ते दहा वर्षांनंतरही खरं राहतं. कोंडीचं कारण दहा वर्षं टिकत नाही.

आता बीआरटी. ही गोष्ट जास्त दुःखाची आहे, कारण इथे विचार बरोबर होता. २००६ साली केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. त्याचा गाभा असा, की रस्ता गाड्या हलवण्यासाठी नाही, माणसं हलवण्यासाठी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. देशातला हा पहिला प्रयोग. ब्राझीलच्या कुरितिबाने हे १९७४ पासून केलं होतं, बोगोताने २००० साली. आपणही केलं, पण तुकड्या-तुकड्यांत. चौक आला की मार्गिका गायब. थांबा रस्त्याच्या मधोमध, आणि तिथपर्यंत जायला म्हाताऱ्या माणसाने काय करायचं याचा विचार नाही. पुढे २०१५ साली संगमवाडी–विश्रांतवाडी मार्गावर आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बरंच सुधारून काम झालं. पण नगर रस्त्यावरची मार्गिका अलीकडे उखडली. दिल्लीनेही आपली बीआरटी काढून टाकली. तिथे तर ती बंद करा म्हणून उच्च न्यायालयात याचिका होती. २०१२ साली न्यायालयाने ती फेटाळली, पण पुढे सरकारने स्वतःच मार्गिका काढली.

उखडण्याच्या बाजूने जो युक्तिवाद ऐकू आला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण तो चुकीचा असूनही प्रामाणिक आहे: "बसची मार्गिका रिकामी पडलेली असते हो, आणि शेजारी आम्ही खोळंबलेले." हे डोळ्यांना दिसतं. प्रत्यक्ष प्रमाण आहे, नाकारणार कसं? पण हिशोब करू. समजा मिनिटाला एक बस जाते आणि तिच्यात साठ माणसं आहेत. तासाला ३,६०० माणसं. दोन बसच्या मधली मिनिटभर मार्गिका मोकळी दिसणार. शेजारच्या पदरात समजा तासाला ८०० मोटारी जातात, प्रत्येकीत सरासरी दीड माणूस. १,२०० माणसं. हा पदर खच्चून भरलेला दिसणार. म्हणजे जो पदर तिप्पट काम करतो तो रिकामा दिसतो, आणि जो कमी करतो तो उपयोगात असल्यासारखा दिसतो. आता खरी मेख सांगतो. आपल्याकडे मिनिटाला एक बस बहुतेक मार्गांवर नव्हतीच. दोन शहरांच्या परिवहन सेवा एकत्र करून २००७ साली पीएमपीएमएल झाली, पण बस पुरेशा कधीच आल्या नाहीत. म्हणजे पुष्कळदा मार्गिका खरोखरच रिकामी असायची. मार्गिका दिली आणि बस दिल्या नाहीत. हेही ओलं लाकूडच, फक्त आमच्या बाजूच्या लोकांनी विसरलेलं.

आमच्या बाजूच्या लोकांचा आणखी एक दोष सांगायला हवा, नाहीतर हे व्याख्यान एकतर्फी होईल. आम्ही गाडीवाल्यांना उपदेश फार करतो. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे सांगताना आमच्या पिढीचा गळा भरून येतो. पण सायकलीनंतर लुना आली, मग स्कूटर, मग स्कूटी. आणि या गाड्यांनी या शहरातल्या बायकांना काय दिलं ते विसरू नका. आमच्या एका विद्यार्थिनीने, ती आता स्वतः प्राध्यापक आहे, आम्हाला एकदा सरळ सांगितलं, "सर, तुम्ही बसचं कौतुक करता. मी संध्याकाळी सातनंतर बसथांब्यावर पंचवीस मिनिटं उभी राहून बघितलंय. तुम्ही बघा." आम्ही गप्प बसलो. तिची गाडी ही चैन नव्हती. तेव्हा 'लोकांनी बस वापरावी' हे वाक्य, बस वेळेवर नसताना, उपदेश म्हणून फुकट आणि धोरण म्हणून निरर्थक आहे.

त्यात न्यायाचा प्रश्नही आहे. २०२५ च्या जूनपासून पीएमपीचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झालं, दिवसाचा पास चाळीसवरून सत्तर. कित्येक वर्षं दर वाढले नव्हते, डिझेल वाढलं, सगळं मान्य. पण उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला तिकीट किती? शून्य. रस्त्याकडेला दिवसभर मोटार उभी करणाऱ्याला भाडं किती? बहुतेक ठिकाणी शून्य. २०१८ साली महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तेही आधी पाच रस्त्यांपुरतं, आणि तेसुद्धा पुढे सरकेना. सहा फुटांत भाजी मांडून बसलेली बाई म्हणजे अतिक्रमण. तिच्यासाठी गाडी येते, टोपल्या उचलून नेते. तिच्या दुप्पट जागेत रात्रंदिवस उभी असलेली मोटार म्हणजे अतिक्रमण नव्हे. रस्ता सार्वजनिक आहे या एका विधानातून हे दोन निष्कर्ष कसे निघतात, हे आम्हाला कोणीतरी समजावून द्यावं. सिंगापूरने १९७५ साली आणि लंडनने २००३ साली गर्दीच्या भागात येणाऱ्या गाड्यांना पैसे लावले. पुण्यात लगेच तसं करा असं आम्ही म्हणणार नाही. पर्याय न देता दर लावणं म्हणजे दंड. पण गर्दीच्या रस्त्यावरची जागा फुकट नाही, तिची किंमत आज कुणीतरी दुसराच भरतोय, एवढं तरी मान्य करू.

मेट्रोबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच बोलतो. ६ मार्च २०२२ ला वनाज–गरवारे आणि पिंपरी–फुगेवाडी हे तुकडे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग झाला. आम्ही मेट्रोने जातो. लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते, मुलं उठून जागा देतात. उत्तम. आमची तक्रार मेट्रोशी नाही, तिच्या जाहिरातीशी आहे. 'मेट्रोमुळे कोंडी कमी होईल.' पुन्हा तेच साध्य, फक्त हेतू बदलला. मेट्रोने रस्त्यावरून दहा हजार माणसं उचलली, तर ती रिकामी जागा बघून डाउन्सची ती तीन माणसं पुन्हा हजर होतात. दहा वर्षांनी कोणीतरी म्हणेल, "मेट्रो झाली, तरी कोंडी आहेच, मेट्रो फसली." आणि ते अत्यंत चुकीचं असेल. मुंबईच्या लोकलने रोज सत्तर-पंचाहत्तर लाख प्रवास होत आले, आणि मुंबईचे रस्ते मात्र मोकळे नाहीत. म्हणून लोकल फसली असं कोणी म्हणतं का? लोकलची किंमत अशी, की रस्त्यावर कितीही गर्दी असो, विरारचा माणूस चर्चगेटला पोचतो. ती कसा पोचवते, दारात लटकवून पोचवते, हे वेगळं आणि गंभीर प्रकरण आहे. पण तिला मोजायची मोजपट्टी ही. गर्दी असतानाही किती माणसं, किती पैशांत, किती सुरक्षित पोचली? हे साध्य धरलं, की मेट्रो, बस, फुटपाथ यांची अनुमानं शुद्ध होतात. आणि रस्तारुंदीचं अनुमान पहिल्याच वाक्यात अडतं.

आता शेवटचं, आणि हे आमच्या स्वार्थाचं आहे. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची गणितं साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बेतलेली असतात. म्हणजे २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत. गेल्या महिन्यात आम्ही घराच्या गच्चीवर नातवाच्या मदतीने आमची चाल मोजली. दोरी, खडू आणि त्याच्या मोबाइलचं घड्याळ. सेकंदाला ०.८ मीटर. गुडघा बरा असलेल्या दिवशी. म्हणजे वीस सेकंदांत आम्ही सोळा मीटर जातो. आठ मीटर उरतात. आमची सार्वजनिक वाहतूक म्हणजे ते आठ मीटर, समोरून सुटलेल्या गाड्यांसह. रस्ता रुंद केला की हे अंतर वाढतं. हा परिणाम मात्र कोणत्याही उपाधीशिवाय होतो.

या सभागृहात पूर्वी आमच्यासोबत बसणारे चार-पाच स्नेही आता येत नाहीत. दोघे गेले, त्याला इलाज नाही. पण बाकीच्यांना ऐकायला येतं, दिसतं, बसवतं. ते येत नाहीत, कारण हा समोरचा रस्ता. एकाने फोनवर सांगितलं, "तुझं व्याख्यान लिहून आलं की वाचीन." तेव्हा हे जे लिहून प्रसिद्ध होईल ते आधी त्याच्यासाठी आहे. हजारो कोटींच्या आराखड्यात या माणसाची नोंद कुठे होते? गाड्या मोजल्या जातात. जो घराबाहेर पडलाच नाही, तो मोजणीच्या दिवशी चौकात नसतोच. अभाव हाही पदार्थ आहे, असं वैशेषिकांनी मानलं. आमच्या वाहतूक सर्वेक्षणांनी अजून ते मानलेलं नाही.

म्हणून आम्ही पुन्हा एक निवेदन लिहिलं आहे. पंचवीस वर्षांनंतर दुसरं. यात 'कोंडी' हा शब्द नाही. सहा ओळी आहेत. मागणी एकच: या सभागृहासमोरच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा दहा सेकंद वाढवावा, आणि मधल्या दुभाजकावर दोन माणसं उभी राहतील एवढी जागा सोडावी. खर्च किती येईल ते अभियंत्यांना विचारून लिहिलं आहे, फार नाही. यामुळे गाड्यांना थोडं जास्त थांबावं लागेल. तेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे, लपवलेलं नाही.

कागद बाहेर चपलांच्या शेजारच्या टेबलावर ठेवला आहे. वाचून पटलं तरच सही करा. अनुमानात चूक सापडली तर समासात लिहा, आम्ही उत्तर देऊ. पेन मात्र आपापलं वापरा. मागच्या व्याख्यानाला ठेवलेलं आमचं पेन अजून परत आलेलं नाही.